आवाज न करणारी डिस्क

"बंद कर की गं ते!" अब्बा म्हणाले.

मी एका लग्नपत्रिकेतल्या गणपतीला किंचित डावीकडं सरकवत होते. नवरदेवाच्या आजोबांचं नाव इतकं लांबलचक, की देव सरकल्याशिवाय ते बसतच नव्हतं, आणि पत्रिका चार दिवसांत छापायला जायची होती.

"पाचच मिनिटं, अब्बा."

"तुझी पाच मिनिटं हुईस्तोवर हिकडं माझी तार मरती." त्यांनी मांडीवरचा तंबोरा भिंतीला टेकवला, कानस खाली ठेवली आणि माझ्या कॉम्प्युटरकडं असं बघितलं, जणू त्यानं त्यांच्या ताटातली भाकरीच उचलली होती. "असल्या आवाजात जवारी लागायची कशी? तूच सांग."

मी गणपतीला आहे तिथंच ठेवलं आणि मशीन बंद केलं. त्या आठवड्यातली ही कितवी वेळ होती, ते मोजायचं मी सोडून दिलं होतं.

अब्बा म्हणजे माझे सासरे, दस्तगीरभाई. मिरजेत तंबोरे-सतारी करणारी जी घरं आहेत, त्यातलं आमचं एक. घरात आम्ही निम्मं दख्खनी बोलतो, निम्मं मराठी, आणि भांडताना दोन्ही एकदम. इथं मी सगळं मराठीतच लिहितेय. भोपळा कापण्यापासून खुंट्या बसवण्यापर्यंतचं काम माझा नवरा मोहसीन करायचा, पण जवारी मात्र अब्बांची. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीनं हळूहळू असा घासायचा, की तार नुसती वाजायची नाही, बोलायला लागायची. एका तारेतून बारीक बारीक सूर उमलत वर गेले पाहिजेत. हे डोळ्यांना दिसत नाही आणि कुठल्या पट्टीनं मोजता येत नाही. घासायचं, छेडायचं, ऐकायचं, परत घासायचं. हात जरा जास्त चालला की घोडी वाया गेली. त्यामुळं अब्बांना खोली शांत लागायची, आणि नेमका त्याच खोलीत माझा कॉम्प्युटर होता.

तो तिथंच का, तर घरात इन्व्हर्टरची वायर फक्त त्या खोलीत आलेली. वरच्या खोलीवर पत्रा. उन्हाळ्यात तिथं माणूस टिकायचा नाही, मशीन काय टिकणार? कॉम्प्युटर मी माहेराहून, तासगावहून आणलेला. लग्नाआधीपासून मी डीटीपीची कामं करायची. "लोकांच्या सुना कपाट आणतात, आमच्या सुनेनं टीव्ही आणलाय आणि त्यात सिनेमाच लागत नाही," असं अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्या वर्षी येईल त्याला सांगायच्या. पण नंतर लोक दारात येऊन "तस्नीम आहे का?" असं विचारायला लागले. आजवर त्या दारात सगळे "दस्तगीरभाई आहेत का?" एवढंच विचारत. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला सांगू!

तर दीड-दोन वर्षं कॉम्प्युटर आणि अब्बा एका खोलीत गुण्यागोविंदानं नांदले. त्या उन्हाळ्यात बिनसलं. आधी धारवाडला गेलेला एक तंबोरा परत आला. 'जवारी जरा बुजल्यासारखी वाटते' असा निरोप होता. अब्बांच्या हातचा तंबोरा परत येणं ही आमच्या गल्लीत बातमीच. पुढच्या महिन्यात दुसरा आला. त्या दिवशी अब्बा जेवले नाहीत. खोलीत कसला तरी आवाज येतोय, असं ते आधीपासूनच म्हणत होते, आता त्यांना चोर सापडला. चोर माझ्या टेबलावर बसलेला होता.

आणि अशातच हुबळीच्या एका गाणाऱ्या बाईंची जोडी तयार होत आली होती. दोन तंबोरे, एकसारखे, फक्त जवारी बाकी. पुढच्या आठवड्यात त्यांचा माणूस न्यायला येणार होता.

"ते मशीन हितं असंस्तोवर मी या जोडीला हात लावणार न्हाई," अब्बांनी जाहीर केलं. "तिसरा तंबोरा परत आला तर मी दुकानाची पाटी काढून ठेवीन."

"मग मशीन वर नेते," मी म्हणाले. आवाज मी नेहमीसारखा ठेवला, पण वर नेणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. पत्र्याखाली महिनाभरात त्याचा धूर निघाला असता, आणि माझ्या कामाचाही.

अम्मी लसूण सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मशीन गप्प करता येत नाही का? यांना गप्प करायला माझा जन्म गेला, तरी जमलं नाही. मशीन ऐकत असेल कदाचित."

मोहसीन हसला. मोठ्यांसमोर मी त्याला अहो म्हणते, एरवी नावानं. "अहो, बघायचं का?" मी विचारलं.

"बघू की," तो म्हणाला. "आवाज हाय म्हटल्यावर कुठून तरी येतच असणार."

त्या दुपारी आम्ही कॉम्प्युटरचं एका बाजूचं झाकण काढलं. आत इतकी धूळ, की अम्मी केरसुणी घेऊनच आल्या. त्यांना कसंबसं परतवून आम्ही पॉलिशच्या मऊ ब्रशनं सगळं झाडलं, पंख्याच्या पात्यांवरची पुटं काढली. मग मशीन चालू केलं आणि मोहसीननं दांडीचा एक उरलेला तुकडा हातात घेतला. वाद्याचा कुठं सांधा सुटला असला, तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला, केसाएवढी भेग असली, की ही माणसं लाकडाचं एक टोक वाद्याला लावतात, दुसरं कानाला, आणि कुठं खुळखुळतं ते शोधतात. मोहसीननं तसंच केलं. डॉक्टर छाती तपासतात तसा तो माझं मशीन तपासत होता.

"हा पंखा. नुसता फूंऽ करतोय. बिचारा." त्यानं तुकडा सरकवला. "अरे, हे बघ! हितं हाय. गुंऽऽ. ऐक की."

मी कान लावला. होतं खरं. "ती हार्डडिस्क. तिच्यात तबकडी फिरते. सगळी कामं त्यावरच साठवलेली असतात."

"सारखी फिरती?"

"मशीन चालू असेपर्यंत."

"दमत न्हाई?"

"दमलीय की! म्हणून तर चालू व्हायला एवढा वेळ लावते." ते अगदी खरं होतं. सकाळी मी बटण दाबायची, अम्मी तेव्हाच चहाचं आधण ठेवायच्या, आणि चहा गाळून झाला तरी पडद्यावर नुसतं चक्र फिरत असायचं.

"मग न फिरणारी न्हाई मिळत व्हय?"

मिळत होती. एसएसडी म्हणतात तिला. मोबाईलमध्ये जसं सगळं चिपांवर साठवलेलं असतं तसंच, आत हलणारं काही नाही. मी वेगासाठी ती घ्यावी असं बरेच दिवस मनात होतं, पण 'चाललंय तोवर चालू दे' म्हणून पुढं ढकलत होते. आता कारण आपणहून चालत आलं.

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला गेले. दुकानदार चौगुले नावाचे, बोलण्यात भारी तरबेज.

"कशाला पाहिजे, ताई? गेमिंग?"

"लग्नपत्रिका."

"मग ही बघा." त्यांनी चुइंगमच्या पट्टीएवढी एक हिरवी पट्टी काढून काचेवर ठेवली. "वाऱ्यासारखी पळते. पत्रिका करायच्या आत लग्न लागेल."

मी निघण्याआधी कॉम्प्युटरच्या पोटाचे मोबाईलवर फोटो काढून आणले होते. ते दाखवले. चौगुल्यांनी चष्मा वर करून बघितलं. "तुमच्या बोर्डावर हिची खाचच नाही. जुना आहे. बोर्ड बदलू या का? बोर्ड बदलला की रॅम बदलावी लागेल, मग प्रोसेसर..."

"दादा, मी डिस्क न्यायला आलेय. नवा संसार थाटायला नाही."

ते हसले आणि दुसरी काढली. पत्त्याच्या कॅटापेक्षा पातळ अशी काळी चपटी डबी. हिला जुन्या डिस्कचीच वायर चालत होती. पट्टीएवढी पळणार नाही, पण माझ्या जुन्या डिस्कपुढं घोडाच. लहान घ्यावी की मोठी, यावर मी जरा घुटमळले. माझी निम्मी जागा फॉन्टांनी आणि जुन्या पत्रिकांनी भरलेली. मी पत्रिका कधी पुसत नाही. त्याच घरात पुढचं लग्न निघतं, तेव्हा तीच उघडते, नवरानवरीची नावं बदलते आणि आजोबांच्या नावामागं कैलासवासी लागलंय का ते हळूच विचारून घेते. शेवटी मोठीच घेतली.

"वॉरंटी आहे, बिल जपून ठेवा. आणखी काय?"

"आवाज किती करते?"

"काय?"

"आवाज. चालू असताना."

चौगुल्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "ताई, लोक स्पीड विचारतात, वॉरंटी विचारतात, काही कमी करा म्हणतात. आवाज विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"मला ऐकायचाय."

माणूस भला. त्यांनी आपल्या काउंटरवरच्या मशीनला ती डबी जोडली, दुकानातला पंखा बंद केला, आणि मी काचेवर वाकून तिला कान लावला. दोन गिऱ्हाइकं मागं उभी राहून बघत होती. आत काही म्हणजे काहीच नव्हतं. मला इतका आनंद झाला, की 'काही कमी करा' म्हणायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या सकाळी जुन्या डिस्कवरचं सगळं, विंडोजसकट, जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवायचं होतं. त्याचं फुकटचं सॉफ्टवेअर मिळतं. दोन्ही डिस्का एकाच वेळी जोडायच्या, 'हिच्यावरून तिच्यावर' असं सांगायचं आणि वाट बघायची. 'हिच्यावरून तिच्यावर' हे उलटं झालं तर सगळ्या पत्रिका गेल्या, म्हणून मी तीनतीनदा बघत होते. वायरी पुरेनात. मग आम्ही कॅबिनेट जमिनीवर आडवं केलं आणि जुनी डिस्क तिच्या खाचेतून बाहेर काढली.

"ही ठेवायची कुठं?" मी विचारलं. "खाली फरशी ओली आहे आणि लोखंडावर ठेवायची नाही."

"हितं ठेव की," मोहसीन म्हणाला. शेजारी हुबळीच्या जोडीतला एक तंबोरा चटईवर पसरलेला होता, तबली वर. "लाकूड हाय. गुळगुळीत, कोरडं. शॉक न्हाई, काय न्हाई."

मला ते पटलं. तंबोऱ्याच्या घरात राहून मला ते पटलं, याचं आजही हसू येतं. मी डिस्क तबलीच्या मधोमध ठेवली, वायर जोडली आणि बटण दाबलं.

आधी बारीक खरखर झाली. तबकडीनं वेग घेतला, आणि मग अख्खा भोपळाच बोलायला लागला. गुंऽऽऽऽ! खोली भरून गेली. कोपऱ्यातल्या तयार तंबोऱ्यांच्या ताराही तिकडून साद द्यायला लागल्या.

"विमान आलं का गं?" स्वयंपाकघरातून अम्मी ओरडल्या.

"उचल, उचल!" मोहसीन म्हणाला.

"चालू असताना उचलायची नसते!"

तेवढ्यात ओसरीवरून अब्बा आत आले. आता आपली काही खैर नाही, असं मला वाटलं. पण ते रागावले नाहीत. खाली बसले, तबलीच्या कडेला तळवा टेकवला आणि डोळे मिटले. कामाच्या नादात माणूस राग विसरतो, ते मी तेव्हा बघितलं.

"पेटीची पांढरी सात," ते म्हणाले. "जराशी उतरलेली. पण एका जागी हाय बघ, हालत न्हाई."

"हाच ना अब्बा, तो आवाज?" मी उत्साहानं विचारलं. "सापडला बघा!"

त्यांनी डोळे उघडले. "न्हाई. हा न्हवं. हा खालचा हाय. त्यो बारीक हाय, लई वर."

"पण याच्यात दुसरा आवाज करणारं काहीच नाही."

"असंल त्यातच कुठंतरी. शोध की, बेटा. तू शोधून काढशील." इतक्या मऊ आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मला वाटलं, माझ्या हुशारीचं कौतुक चाललंय. मी खूश झाले.

मशीन बंद करून जुन्या डिस्कला गोधडीच्या घडीवर झोपवलं आणि परत सुरू केलं. दुपारची जेवणं होईपर्यंत सगळं उतरवून झालं. जुनी काढली, नवी जोडली, बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात 'डिस्क सापडत नाही'.

"मेलं?" अम्मींनी विचारलं.

"नाही अम्मी. ते अजून जुनीलाच शोधतंय." सुरुवातीच्या सेटिंगमध्ये शिरून मी नव्या डिस्कचं नाव पहिल्या नंबरावर आणलं. पुन्हा बटण. अम्मी सवयीनं चहाचं भांडं घेऊन वळल्या, नळ सोडला, आणि तेवढ्यात पडद्यावर माझं नेहमीचं फुलांचं चित्र येऊन उभं.

"एवढ्यात?" त्या भांडं धरूनच परत आल्या. "मग आता चहा कधी करायचा?"

मोहसीन तोवर आपल्या कामाला लागला होता. नवी डिस्क जुन्या खाचेत सैल बसत होती. त्यानं तूणाच्या लाकडाची एक चौकट कापली, कडा घासल्या, पॉलिश मारलं आणि एका कोपऱ्यात शिंपल्याचं इवलंसं फूलही बसवलं. कॉम्प्युटरच्या पोटात, जिथं कधी कुणी बघणार नाही, तिथं.

"हे कशाला?" मी म्हटलं.

"असू दे. पहिलंच गिऱ्हाईक हाय असलं."

झाकण लावलं. पंखा झाडून मऊ झालेला, डिस्क मुकी. मशीन चालू आहे की बंद, ते बघायला दिव्याकडंच बघावं लागत होतं. मी अब्बांना बोलावलं.

दुपारची, जोहरची नमाज होऊन गेली होती, गल्ली जेवून पडली होती. अब्बा खिडकीकडं तोंड करून बसले, कारण घोडीवर उजेड लागतो. पाठ माझ्याकडं. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे. हे जमलं तर मशीन खाली राहणार होतं आणि जोडी हुबळीला जाणार होती.

अब्बांनी तार छेडली. विरेपर्यंत ऐकली.

"अजून हाय," ते म्हणाले.

मी मोहसीनकडं बघितलं. त्यानं ओठ मुरडून 'मला तर काहीच नाही' अशी खूण केली. अम्मींनीही मान हलवली. मी वाकून लाकडाचा तुकडा मशीनला लावला, दुसऱ्या टोकाला कान. पंख्याची झुळूक सोडली तर काही नाही.

"आता, अब्बा?"

"हाय."

का कोण जाणे, मी काही न बोलता मशीन बंद केलं. पडदा काळा झाला, दिवा विझला. मग इन्व्हर्टरचाही प्लग काढला. खोलीत आता माणसं आणि लाकूड, एवढंच उरलं.

"आता बघा."

त्यांनी परत तार छेडली. बराच वेळ मान कलती करून ऐकत राहिले.

"जरा कमी झाला गं," ते म्हणाले. "पण हाय."

मोहसीननं माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात नेलं. अम्मी मागोमाग आल्या.

"सांगू नकोस," तो कुजबुजला. "आपण मशीन वर नेऊ. मी पत्र्याखाली फळ्या मारतो, पंखा लावतो. त्यांना वाटू दे, मशीनचाच हुता म्हणून."

"आणि वर नेल्यावरही आला तर? मग ते कुणाला शोधायला सांगतील?"

"जवारी हाय ती. कान गेला म्हटल्यावर काय राहिलं त्यांच्याजवळ?"

"म्हणून एकट्यानंच ऐकत बसायचं का त्यांनी?"

मला आता एक दिसत होतं. 'शोध की, बेटा' असं ते ज्या आवाजात म्हणाले, ते कौतुक नव्हतं. मी अम्मींकडं बघितलं. रिकामं भांडं त्यांच्या हातात तसंच होतं.

"तू सांग," त्या म्हणाल्या. "माझ्यानं व्हायचं नाही."

मी जाऊन त्यांच्या समोर बसले, खिडकी आणि त्यांच्यामध्ये. "अब्बा, मशीन बंद आहे."

"कधी केलंस?"

"तुम्ही जरा कमी झाला म्हणालात, त्याच्या आधी."

ते इन्व्हर्टरकडं वळले. प्लग जमिनीवर पडलेला त्यांना दिसला. मला वाटलं, आता तंबोरा आपटतील, नाहीतर मला ओरडतील. त्यांनी तंबोरा अगदी सावकाश चटईवर ठेवला.

"मशिदीत पण येतो," ते म्हणाले. "सजद्यात डोकं टेकलं की येतो. तिथं कुठलं आलंय मशीन? म्हटलं, माइकचा असंल." ते हसल्यासारखं करत होते. "मला कळत हुतं गं. पण तुझ्या त्या डब्यात सापडू दे म्हणून दुआ मागत हुतो. तू डिस्क आणाय गेलीस, तवा नमाजात दोन रकात जास्त पढलो."

मला रडू फुटलं. अब्बा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू कशाला रडालीस? तुझं मशीन चांगलं हाय." मग मी आणखीच रडले.

मिरजेत आणखी कशाची वाण पडली तरी दवाखान्यांची पडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अब्बांना स्कूटरवर मागं बसवून कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर मगदूम म्हणून बाई होत्या, हसतमुख. त्यांनी कानात दिवा धरून बघितलं आणि म्हणाल्या, "चाचा, हे काय साठवून ठेवलंय?" डाव्या कानातून मळाचा एवढा मोठा खडा निघाला, की अब्बा तो बघून लाजले. मग त्यांनी एकदम दचकून विचारलं, "बाई, तुम्ही वरडता कशाला?" बाई नेहमीच्याच आवाजात बोलत होत्या.

आवाज बराच उतरला. पण पुरता गेला नाही. मशीनवर कान तपासल्यावर बाईंनी सरळच सांगितलं, की वयानं अगदी वरचे, बारीक आवाज ऐकायचे कमी झालेत, ते परत यायचे नाहीत. गुणगुण थोडी राहील. तिच्याशी भांडू नका. एकदम शांत खोलीत ती जास्त जाणवते, म्हणून आसपास थोडासा आवाज असलेला बरा.

घरी आल्यावर मी हे सगळं सांगितलं. मोहसीन डोकं खाजवत म्हणाला, "म्हणजे? जुनी डिस्क परत बसवायची?"

आधी अब्बा हसले. मग आम्ही सगळे इतकं हसलो, की शेजारची बाई डोकावून गेली.

पण हसून झाल्यावर जोडी तिथंच होती. बारीक, वरचे सूर म्हणजेच तर जवारी. जे अब्बांना पुरतं ऐकू येत नव्हतं, तेच नेमकं तंबोऱ्यात आणायचं होतं, आणि हुबळीचा माणूस दारात येऊन ठेपणार होता. अब्बा हात-पाय धुऊन आले, आपल्या जागेवर बसले, घोडीखालची धूळ फुंकली, तारेखाली सुताचा धागा सरकवला. मोहसीन लगेच पुढं होऊन त्यांच्या शेजारी बसला.

"अब्बा, तुम्ही घासा. मी ऐकतो."

"तू नगो," अब्बा म्हणाले. "तस्नीम, हिकडं ये."

"मी?" मी कॉम्प्युटरसमोरच उभी होते. नवरदेवाचे आजोबा अजून तसेच लटकलेले होते. "अब्बा, मला यातलं काय कळतंय? हे लहानपणापासून इथं बसतात."

"त्याला कळतंय. तुझ्यापेक्षा जास्त कळतंय. पण त्यो मला बरं वाटंल तेच सांगंल. काल स्वयंपाकघरात नेऊन तुला काय सांगत हुता, ते मला समजलं न्हाई व्हय?" मोहसीननं मान खाली घातली. अब्बांनी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "वाईट न्हाई रे ते. पण जवारीला चालत न्हाई. बस गं हितं."

मी बसले. काय ऐकायचं, ते त्यांनी मला सांगितलं. तार छेडल्यावर आधी जो येतो, त्याच्याकडं लक्ष द्यायचं नाही. त्याच्या पाठीमागनं काय काय उठतं ते बघायचं, एकामागनं एक, आणि शेवटचं कसं विझतं ते बघायचं. उमलत विझलं तर आलं. मधेच दार लावल्यासारखं झालं तर नाही.

त्यांनी कानस चार वेळा फिरवली आणि तार छेडली. मी डोळे मिटून ऐकलं. माझ्या कानांना ते सुंदर वाटलं, फार सुंदर. डोळे उघडले, तर ते माझ्या चेहऱ्याकडं बघत होते. सत्तरीला टेकलेला तो माणूस माझ्या तोंडून एक शब्द निघायची वाट बघत होता आणि 'आलं' म्हणावं असं मला इतकं वाटत होतं, की तोंड उघडलंही होतं. मग मी म्हटलं, "परत एकदा, अब्बा."

त्यांनी परत छेडली. सूर उमलत वर गेले, आणि शेवटाकडं, अगदी शेवटाकडं, दार लागलं.

"आलं?" त्यांनी विचारलं.

"नाही, अब्बा."

"शाब्बास," ते म्हणाले आणि त्यांनी कानस उचलली.